ब्राउझरचं लोकल स्टोरेज ॲपला का दिसत नाही?

क्रोममध्ये एखाद्या साइटची डार्क थीम निवडली, तरी ॲपमधल्या वेबव्ह्यूत (ॲपच्या आतच वेबपान दाखवणाऱ्या भागात) तीच साइट पांढरीच उघडते. हा बग नाही. अशी निवड साइट सहसा लोकल स्टोरेजमध्ये ठेवते, आणि अँड्रॉइडवर वेबव्ह्यूचं लोकल स्टोरेज त्या ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये राहतं. डोमेन एकच असलं तरी ते क्रोमपर्यंत पोचत नाही. फोन माझा, साइट माझी, मग आडकाठी कशाला, असं कुणीही विचारेल. पण वेबव्ह्यू चालवणारं ॲप उघडलेल्या पानात स्वतःची जावास्क्रिप्ट घुसवू शकतं. साठा सामायिक असता, तर एखाद्या टॉर्च ॲपनेही तुमची मेलची साइट उघडून लॉगिनचं टोकन अलगद उचललं असतं! आयओएस 11 मध्ये (2017) ॲपलने सफारी आणि ॲपमधला सफारी व्ह्यू यांच्या कुकीजही वेगळ्या केल्या. दोनदा लॉगिन करण्याचा त्रास खराच. ॲप बनवत असाल, तर त्यासाठी अँड्रॉइडवर कस्टम टॅब्ज वापरा, ते ब्राउझरचाच साठा वापरतात. थीमसारखी पसंती मात्र खात्यासोबत सर्व्हरवरच ठेवा.