उत्तरेकडील नदीखोऱ्यांतील हिरवेपणा : उपग्रह काय मोजतो?

उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपासची नदीखोरी अधिकाधिक हिरवी होत आहेत, असे विधान आता वारंवार वाचावयास मिळते. १९८१ पासूनच्या हवामान-उपग्रहांच्या नोंदींवरून रंगा मायनेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अक्षांशांत वनस्पतींची वाढ जोमदार झाल्याचे १९९७ मध्ये दाखविले. तथापि ‘हिरवेपणा वाढला’ आणि ‘अरण्य बहरले’ ही दोन विधाने एकच नव्हेत. कॅनडा व अलास्का यांतून वाहणाऱ्या युकॉन नदीचे सुमारे साडेआठ लक्ष चौरस किलोमीटरांचे खोरे याचे उत्तम उदाहरण होय.

उपग्रह झाड पाहत नाही. तो परावर्तित प्रकाश मोजतो. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानाची अंतर्रचना निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परत फेकते. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले म्हणजे वनस्पती-निर्देशांक मिळतो. समजा, अवरक्ताचे ४० टक्के व तांबड्याचे ८ टक्के परावर्तन झाले, तर तो ३२ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.६७ येईल. स्वच्छ पाण्यावर तो सहसा शून्याखाली असतो.

आता युकॉनच्या खोऱ्याकडे वळू. काळ्या स्प्रूसचे अरण्य वणव्यात जळाले की निर्देशांक एकदम कोसळतो. पुढे त्या जागी कित्येकदा विलो, भूर्ज, ॲस्पेन अशी रुंदपर्णी, पानझडी झाडे उगवतात. त्यांची पाने सूचिपर्णी वृक्षांहून अधिक अवरक्त परावर्तित करतात. त्यामुळे काही दशकांत निर्देशांक मूळ अरण्याच्याही वर जाऊ शकतो. आकडा वाढला खरा, पण जुने अरण्य नाहीसे झाले ही गोष्ट त्यात दिसत नाही. नित्य गोठलेली भूमी वितळून एखादे सरोवर ओसरले आणि तळावर गवत माजले, तरी नोंद ‘हिरवेपणा वाढला’ अशीच होते! उलट, अलास्काच्या अंतर्भागातील न जळलेल्या अरण्यांत कित्येक ठिकाणी निर्देशांक घटलेला आढळला असून, उष्ण व कोरड्या उन्हाळ्यांचा ताण हे त्याचे एक कारण मानले जाते.

म्हणून स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो. उत्तर अलास्कातील कोल्व्हिल नदीच्या परिसरात १९४० च्या दशकाच्या अखेरीस घेतलेली विमानचित्रे जुळवून, त्याच ठिकाणांची चित्रे सुमारे ५० वर्षांनी पुन्हा घेण्यात आली. त्यांत आल्डरसारखी झुडुपे वाढल्याचे प्रत्यक्ष दिसते. येथे हिरवेपणाचा अर्थ निःसंदिग्ध आहे.

दुसरी अडचण उपकरणाची. १९८२ पासून लँडसॅट मालिकेची ३० मीटर सूक्ष्मतेची चित्रे उपलब्ध आहेत. पण मालिकेतील सर्व उपग्रह एकसारखे नाहीत. २०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-८ चा अवरक्त पट्टा अधिक अरुंद असल्याने त्याचा निर्देशांक त्याच भूमीवर किंचित अधिक येतो. दुरुस्ती न करता नोंदी जोडल्या, तर एकही पान न वाढता खोरे हिरवे होईल. शिवाय एक उपग्रह १६ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा, त्यात ढग. ध्रुवाकडे शेजारच्या कक्षांची चित्रे एकमेकांवर अधिक येतात, हीच काय ती सवलत. तरीही काही वर्षी भर उन्हाळ्यातील एकच स्वच्छ चित्र हाती लागते, आणि ते जूनचे की ऑगस्टचे यावर त्या वर्षाचा आकडा बदलतो.