मोजपट्टीत न बसणारा क्वार्टरबॅक

२०१७च्या एप्रिलमध्ये शिकागो बेअर्सने ड्राफ्टच्या रांगेत फक्त एक पायरी वर चढण्यासाठी आपल्या वाट्याच्या आणखी तीन निवडी दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) घेतला. पॅट्रिक महोम्स हा क्वार्टरबॅकही तेव्हा उपलब्ध होता. तो दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला आणि त्याने त्या संघाला तीन सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकून दिले. ट्रुबिस्कीचा शिकागोतला मुक्काम चार हंगामांत आटोपला. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये अशा चुका अपवादाने होत नाहीत. आयपीएलसारखा लिलाव तिथे नसतो. ड्राफ्टमध्ये बत्तीस संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडूंमधून निवड करतात, आणि आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी सर्वांत आधी येते. म्हणजे ज्याला क्वार्टरबॅकची गरज सर्वांत जास्त, त्यालाच निवडीची पहिली संधी. तरीही हातात पैसा, चित्रफिती, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ सगळं असताना ही निवड वारंवार का फसते? माझ्या मते, जे मोजता येतं त्यालाच गुण समजण्याची सवय हे त्याचं मुख्य कारण आहे.

ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिस शहरात इच्छुकांची जाहीर तपासणी होते. उंची, वजन, ४० यार्ड पळायला लागलेला वेळ आणि अगदी तळहाताची रुंदीसुद्धा तिथे मोजली जाते. २०२०मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकचा तळहात नऊच इंच भरला, तेव्हा त्यावरही चर्चा रंगली. सिनसिनाटीने तरीही त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. उलट २००७मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जमार्कस रसेल अंगापिंडाने दणकट होता आणि त्याच्या फेकीची ताकद पाहून जाणकार थक्क होत. त्याची कारकीर्द तीन हंगामांत संपली. उंच क्वार्टरबॅकला समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या डोक्यावरून पाहता येतं, हा युक्तिवाद खोटा नाही. पण जेमतेम सहा फुटांचा ड्रू ब्रीझ न्यू ऑर्लीन्सला सुपर बोल जिंकून देतो, तेव्हा उंचीची सोय आणि गुण यांतला फरक दिसतो. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न आकड्यांनी तपासला. त्यांच्या मांडणीनुसार या चाचण्यांचा ड्राफ्टमधल्या क्रमांकावर परिणाम होतो, पण पुढे प्रत्येक चालीमागे खेळाडू कसा खेळतो याच्याशी त्यांचा संबंध फारसा दिसत नाही.

मग खरं काम कोणतं? प्रशिक्षक शिरस्त्राणातल्या रेडिओवरून चाल सांगतो, पण चालीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढे क्वार्टरबॅक एकटा. प्रतिस्पर्धी बचाव कसा उभा आहे, त्यात सोंग किती, हे त्याने वाचायचं. चेंडू हातात आल्यावर त्याला साधारण अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पहिला रिसीव्हर (फेक झेलणारा खेळाडू) झाकला गेला आहे हे ओळखून नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे वळवायची, आणि तीही अंगावर धावून येणाऱ्यांकडे न पाहता. महाविद्यालयीन खेळात रिसीव्हर मोकळा दिसल्यावर चेंडू फेकला तरी पुष्कळदा भागतं. व्यावसायिक खेळात तो मोकळा होण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. तोही नुसता त्याच्यापर्यंत पोहोचून उपयोग नाही; धावणाऱ्याचा वेग न मोडता हातात पडला तरच पुढची दहा-पंधरा यार्ड मिळतात. म्हणून वाचनाचा वेग आणि अचूकता हे मला दोन गुण वाटतच नाहीत. उशिरा ठरवणाऱ्याची फेक घाईची होते आणि घाईची फेक चुकते. पेटन मॅनिंग पळण्यात अगदीच मंद होता, तरी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती फारसा सापडत नसे, कारण धोका पोहोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असे.

हा गुण बैठ्या परीक्षेतही सहजी सापडत नाही. २०२३मध्ये एका संगणकीय आकलन-चाचणीत सी. जे. स्ट्राउडला फार कमी गुण मिळाल्याची बातमी ड्राफ्टआधी फुटली होती. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याने पहिल्या हंगामात २३ टचडाउन पास दिले, प्रतिस्पर्ध्यांच्या हातात फक्त पाच चेंडू घातले आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. शोध घ्यायचा तर सामन्यांच्या चित्रफितीतच घ्यावा लागतो, आणि तोही सुंदर लांब फेकींत नव्हे. पहिला बेत फसलेल्या चालींमध्ये पाय कसे पडतात, नजर खाली जाते का, हरत असताना निर्णय बदलतात का, हे पाहायचं. त्यासाठी सामनेही पुरेसे हवेत. महाविद्यालयात ट्रुबिस्कीने सुरुवातीपासून खेळलेले सामने होते अवघे तेरा.

‘आदर्श क्वार्टरबॅक’ ही प्रतिमा केवळ अपुरी नाही, अन्यायकारकही ठरली आहे. उंच, जागेवर ठाम उभा राहून फेकणारा आणि बहुधा गोरा, असं ते चित्र दीर्घकाळ होतं. वॉरन मून या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला १९७८मध्ये एकाही संघाने निवडलं नाही. तो कॅनडात गेला, तिथे पाच वेळा ग्रे कप हे लीगचं अजिंक्यपद जिंकला, मग एनएफएलमध्ये आला आणि शेवटी तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाचं स्थान मिळालं. २०१८मध्येही लमार जॅक्सनने जागा बदलून रिसीव्हर व्हावं असे सल्ले दिले जात होते. तो पहिल्या फेरीत अगदी शेवटी, बत्तिसावा निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या पायांकडे पाहता पाहता त्याच्या फेकीकडे कित्येकांचं लक्षच गेलं नव्हतं.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप म्हणजे जॉश ॲलनचं उदाहरण. महाविद्यालयात त्याच्या शंभरपैकी जेमतेम ५६ फेकी ठिकाणी पडत. भरवसा होता तो ताकदीवर. बफेलोने २०१८मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२०पर्यंत तोच आकडा ६९वर गेला. म्हणजे ताकद पाहणारेच बरोबर होते? काही अंशी, हो. चेंडू वाऱ्यातून पन्नास यार्ड नेण्याची कुवत नसेल तर शिकवून काय होणार? पण ताकद हा उमेदवारीचा अर्ज आहे, निकाल नव्हे. ॲलनने पायांची ठेवण बदलली, संघाने त्याला चुका करायला वेळ दिला आणि नंतर चांगला रिसीव्हर आणून दिला. तशीच ताकद घेऊन आलेले अनेक जण तिथल्या तिथेच राहिले. फरक पडला तो शिकण्याच्या कुवतीमुळे, आणि तीही मोजपट्टीत येत नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: टॉम ब्रेडी २०००मध्ये १९९वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले, मग ही निवड म्हणजे निव्वळ लॉटरी समजावी का? तसंही नाही. सहाव्या फेरीत निवडल्या जाणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुणाला आठवत नाहीत. यशस्वी क्वार्टरबॅकपैकी मोठा वाटा आजही पहिल्या फेरीतूनच येतो. अर्थात पहिल्या फेरीवाल्याला संधीही जास्त मिळते, हे बेरी-सिमन्स यांच्या निष्कर्षावर टीका करणाऱ्यांनी आणि त्यांच्या बाजूच्यांनीही लक्षात ठेवायला हवं.

उरतो प्रश्न संघाचा, आणि निवडीच्या चर्चेत तो सर्वांत कमी येतो. महोम्सने पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बाहेर बसून ॲलेक्स स्मिथला खेळताना पाहिलं. ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे थांबला. सॅम डार्नोल्ड हा न्यूयॉर्क जेट्समध्ये फसलेला म्हणून ओळखला जायचा; त्याच्याच नेतृत्वाखाली मिनेसोटाने २०२४च्या हंगामात १४ सामने जिंकले. त्यामुळे तळाच्या संघाने पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेऊन त्याला दुबळ्या फळीमागे पहिल्याच दिवशी उभं करणं ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. त्याला जपणारी फळी आणि शिकवणारा प्रशिक्षक नसेल, तर त्या संघाने पहिली निवड विकून आधी ती माणसं आणावीत.