खांद्याला खांदा लावून

‘घरात सहा माणसं आहेत, मी कसला एकटा?’ आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका परवा म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच पुटपुटले, ‘पण बोलायला कुणी नाही.’ एकटं असणं आणि एकाकी वाटणं यांतला फरक त्यांनी दोन वाक्यांत सांगितला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडण्यात आला आहे. एकाकीपणा दीर्घकाळ राहिला तर हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांचा धोका वाढतो. झोप बिघडते, फिरणं कमी होतं, औषधांची वेळही चुकते.

‘लोकांत मिसळा’ हा सल्ला द्यायला सोपा. पण मिसळायचं कुठे? पुरुषांची तर जास्तच पंचाईत. नोकरी संपली की ओळखीही संपतात, आणि ‘मला एकाकी वाटतं’ हे तोंडातून निघत नाही.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात ‘मेन्स शेड’ सुरू झाल्या. शेड म्हणजे सुतारकामाची हत्यारं आणि चहाची किटली असलेली साधी जागा. माणसं येतात ती खुर्ची दुरुस्त करायला, खेळणी बनवायला. एकाकीपणाबद्दल कुणी विचारत नाही. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी उभं राहून काम करताना बोलतात, हे त्यामागचं सूत्र. रंधा चालवताना मग दिवंगत पत्नीचा विषय निघतो, टाळलेल्या तपासणीचाही. आज तिथे अशा हजाराहून अधिक शेड आहेत. आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही त्या रुजल्या.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. हास्यक्लबची चळवळ तर १९९५ मध्ये मुंबईतल्याच एका बागेत सुरू झाली. मात्र बऱ्याच संघांत व्याख्यान आणि वाढदिवस यापलीकडे गाडी जात नाही. नवखा माणूस मागच्या खुर्चीवर बसून घरी परततो. त्याला टाळ्या वाजवायला नव्हे, काम करायला बोलवायला हवं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधायची असतात, बागेतली रोपं जगवायची असतात. आणि पहिले दोन-तीन वेळा कुणीतरी त्याच्या दारात जाऊन ‘चला’ म्हणायला हवं. नुसता व्हॉट्सअॅपवर निरोप टाकून भागत नाही.

आमच्या पार्किंगमध्ये मुलांच्या आठ सायकली धूळ खात पडल्या आहेत. काका नोकरीत फिटर होते. रविवारी पाने घेऊन खाली येतो म्हणालेत.