इंजिनाचा चुकलेला ठोका

मोटारीच्या इंजिनाजवळ उभे राहून ज्याने लक्षपूर्वक कान दिला असेल, त्याला त्या आवाजात एक ताल असल्याचे जाणवले असेल. चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे चार मात्रांचा न थांबणारा ठेकाच. त्यातील एखादी मात्रा गळाली की गाडी हिसका देते, थरथरते आणि चढावर तिचा दम जातो. पुस्तकी भाषेत याला ‘मिसफायर’ म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात, ‘गाडी मिसिंग करते.’ हा ठोका का चुकतो आणि कारण कसे शोधावे, हे एका जुन्या गाडीच्या निमित्ताने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

गाडी माझ्या मामांची, १९८७ सालची पद्मिनी. मामांचा संत्र्याचा बगीचा सौंसर तालुक्यात, पहुडलेल्या मारुतीसाठी प्रसिद्ध असलेल्या जामसांवलीजवळ आहे. हा मुलूख मध्य प्रदेशातला, २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातला. पण घराघरांत बोली मराठी. मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० या घाटाची ही गाडी बनू लागली आणि पुढे तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रस्त्यांवरूनही तिने टॅक्सी म्हणून निरोप घेतला. आजोबांच्या हातची म्हणून मामांनी मात्र ती जपून ठेवली होती.

गेल्या उन्हाळ्यात ती रुसली. सपाट रस्त्यावर ठीक चाले. पण छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागला की हिसके सुरू. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. गुण आला नाही. शेवटी निदान झाले, ‘इंजिन गेलं. बोअर करा, नाहीतर भंगारात द्या.’ बोअरचा खर्च ऐकून मामा गप्प झाले आणि दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याची चौकशी करू लागले. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘मामा, कॉइल बदलून पाहू.’ हाही अंदाजच होता, हे मला नंतर कळले.

आता थोडे शास्त्र. सिलिंडरमध्ये ठोका पडायला तीन गोष्टी जमून याव्या लागतात. पहिली, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण. वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल. दुसरी, दट्ट्याने ते मिश्रण पुरेसे दाबणे. तिसरी, नेमक्या क्षणी जोरकस ठिणगी. तिन्हींपैकी एक चुकली की ठोका चुकला. पद्मिनीत सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. यावरून या कामातला नेमकेपणा ध्यानात येईल.

ठिणगी येते कुठून? बॅटरी १२ व्होल्टची, तर प्लगला हवेत हजारो व्होल्ट. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे कामी येते. कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो व चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरमधले ‘पॉइंट’ उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात प्रचंड दाबाची वीज उत्पन्न होते. क्षेत्र जितके झटकन कोसळेल तितकी ठिणगी जोरकस. प्रवाह झटकन तुटावा, पॉइंटच्या फटीत वीज जळत राहू नये, यासाठी बाजूला सुपारीएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. हे सारे मी परीक्षेत लिहिले होते. पण बॉनेट उघडल्यावर कंडेन्सर कोणता, हे मला दाखवता आले नाही.

दाखवला तो कामातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी आल्याआल्या पाना उचलला नाही. ‘आधी इचारू, मंग खोलू,’ म्हणत ते मामांना विचारू लागले. हिसके थंड गाडीत येतात की तापल्यावर? उतारावर येतात की चढावर? उत्तर एकच होते, तापल्यावर आणि चढावर.

मग इंजिन सुरू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढली आणि तिचे टोक लोखंडाला टेकवून धरले. निरोगी सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा वेग पडतो. वेग पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच निकामी समजावा. (ही वीज जबर धक्का देते, जाणत्याशिवाय कोणी हा प्रयोग करू नये.) असा एकच सिलिंडर सापडला, तर त्याचा प्लग शेजारच्यात घालून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागीच राहिला तर वायर, झडप किंवा गॅस्केट तपासावे. आमच्या गाडीत मात्र चारही वायरींना वेग सारखाच पडला. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नसून चौघांच्या सामाईक भागात होता.

पुढे सर्व प्लग काढून दाबमापकाने एकेका सिलिंडरचा दाब मोजला. चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे होते. प्लगच्या टोकांवर तेल नव्हते. रिंगा झिजल्या असत्या तर ते तेलाने काळे, ओलसर दिसले असते. मिस्त्री म्हणाले, ‘भाऊ, एंजिनाले हात लावाचा नाही.’ मामांचा चेहरा उजळला, तो मला अजून आठवतो.

उरले पेट्रोल आणि ठिणगी. घाटात हिसके सुरू होताच चोक थोडा ओढून पाहिला. पेट्रोल कमी पडत असते तर गाडी सुधारली असती. ती सुधारली नाही. परत येऊन गरम इंजिनावरच कॉइलची मुख्य वायर लोखंडापासून थोडी दूर धरली. निळ्या, कडक ठिणगीऐवजी पिवळसर, क्षीण ठिणगी दिसली. पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले. ते घासून साफ केले, फिलर गेजने फट पुस्तिकेप्रमाणे लावली. ठिणगी तशीच! मग फक्त कंडेन्सर बदलला आणि ठिणगी निळी झाली. जुना कंडेन्सर तापला की निकामी होत होता.

चढावरच का? घाटात पाय दाबला की सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते व दाब वाढतो. जास्त दाबाच्या वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. सपाटीवर निभावून जाणारी दुबळी ठिणगी चढावर हरते. इंजिन बोअर करायचे म्हणून जिचा निकाल लागला होता, ती गाडी चहापाण्याच्या पैशांत बरी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही सिल्लेवानीचा घाट एका दमात चढलो.

मी मिस्त्रींना विचारले, ‘पॉइंट अन् कंडेन्सर एकदमच का नाही बदलले?’ ते हसले. ‘बाबू, दोन्ही बदलवले असते तं गाडी चालली असती, पण कशानं चालली हे तुले कधीच समजलं नसतं.’ प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलावा, हा नियम आम्ही वहीत लिहितो. तो तेलकट हातांनी पाळलेला मी तिथे पाहिला.

आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही. संगणक ‘पी ०३०१’ असा संकेत देऊन पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकल्याचे सांगतो. परंतु कोणता ठोका चुकला एवढेच तो सांगतो. का चुकला हे माणसालाच शोधावे लागते. तिथेही अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यास खिसा रिकामा होतो आणि दोष जागीच राहतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादी जुनी गाडी, पंप किंवा यंत्र ‘संपले’ म्हणून पडून असेल. ते विकण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे, की हा निकाल तपासून दिला आहे, की अंदाजाने?