तोडणी टोळीतील मुले आणि कॅमेरा



गेल्या हंगामात कॉलेजची चार मुले कॅमेरा घेऊन आमच्या गाडीतळावर आली. तोडणी मजुरांच्या मुलांवर छोटा चित्रपट काढायचा, असे त्यांचे म्हणणे होते. काही सभासदांना ते रुचले नाही. "कारखान्याची बदनामी होईल, परत पाठवा," असा सूर निघाला. ऊस विकास विभागाचा आणि सिनेमाचा संबंध काय, असेही विचारणा झाली. म्हणून हा खुलासा.

तळावर नोंद होते ती कोयत्याची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर आलेले पोर ना आमच्या रजिस्टरात, ना मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात. गावच्या शाळेत नाव असते, पण दिवाळीनंतर तिथे नुसती गैरहजेरी. जे पोर कागदावर दिसत नाही ते पडद्यावर तरी दिसावे, हे अशा चित्रपटाचे काम.

काही वर्षांपूर्वी आम्ही कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणासाठी गेलो होतो. वाटेत डहाणू तालुक्यातील आशागडला थांबलो. भातकापणी उरकली होती. रस्त्याकडेला आदिवासी कुटुंबे बोचकी घेऊन ट्रकची वाट पाहत बसलेली. वीटभट्टीवर निघालेली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. "शाळा गं?" आम्ही विचारले. "आता पावसाळ्यात," ती म्हणाली. आमच्या तळावरची पोरे यापेक्षा वेगळी नाहीत. विटेच्या जागी ऊस, एवढाच फरक.

त्याच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. मुले शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली. पुढे वीटभट्टीवरच्या भोंगाशाळा आणि कारखान्यांवरच्या साखरशाळा याच वाटेने गेल्या. चांगला चित्रपटही तेच करतो. तो पोराजवळ जातो, त्याच्या उंचीवरून पाहतो.

अशा चित्रपटाने काय होते? अमेरिकेत 1960 साली 'हार्वेस्ट ऑफ शेम', म्हणजे 'लाजेचे पीक', हा माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. भाजीपाला आणि फळे तोडत गावोगाव फिरणाऱ्या मजुरांचा तो होता. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आई शेतावर गेल्यावर धाकट्या बहिणींना सांभाळताना दिसतो. पाळणाघर होते, पण आईला परवडत नव्हते. तिथले बागायतदार चिडले, बदनामी झाली म्हणाले. पण चर्चा थांबली नाही, आणि 1962 साली स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्यसेवेसाठी कायदा झाला. आपल्याकडे 1988 साली मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' आला. गावाकडून मुंबईत येऊन पडलेल्या पोराची ती गोष्ट. रस्त्यावरच्या मुलांनाच शिबिरात तयार करून त्यात घेतले होते. चित्रपट संपला म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. अशा मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला.

हे ध्यानात घेऊन आम्ही त्या कॉलेजच्या मुलांना तीन अटींवर परवानगी दिली. आईबापांची संमती घ्यायची. पोराला रडवून चित्र काढायचे नाही. आणि झालेले काम प्रथम तळावरच दाखवायचे.

त्याप्रमाणे एका रात्री कोप्यांपुढे पांढरे कापड लावून ते दाखवले. पंधरा मिनिटांचे काम. फडात वाढ्यांच्या सावलीला झोपलेले तान्हे, त्याच्यावरच्या माश्या हाकणारी सहा वर्षांची बहीण. एकही शब्द नाही. शेजारी बसलेले एक वयस्क सभासद, ज्यांनी आदल्या आठवड्यात विरोध केला होता, हळूच म्हणाले, "फड माझाच की हो. रोज जातो मी तिथं. ही पोर दिसली कशी नाही?"

बदनामीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

तेव्हा येत्या हंगामात आपल्या फडात टोळी उतरली की उसाच्या टनांबरोबर पोरेही मोजा. त्यांना मोळी उचलायला लावू देऊ नका. शाळेच्या वयाची मुले असतील तर गट कार्यालयात कळवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नाही म्हणून अडवताही येत नाही. शाळेपर्यंत मुलाला पोचवायला मात्र कोणीतरी हवे. ते काम आपलेच आहे.