ग्रिल घासण्याआधी खालचा ट्रे बघा

अमेरिकेत मेमोरियल डे, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार, जवळ आला की घरामागच्या अंगणातल्या ग्रिलवरची कव्हरं निघू लागतात. मराठी घरांतही पनीर टिक्का, कणसं आणि भरताची वांगी यांचे बेत सुरू होतात. कव्हर काढावं तर आत मागच्या मोसमाचा चिकटा तसाच असतो. मग ब्रश घेऊन जाळीवर तुटून पडायचं आणि ती चकाकली की हात धुवायचे, ही सर्वसाधारण रीत. माझ्या मते सगळ्यात कमी काळजी करावी अशी ग्रिलमधली वस्तू म्हणजे जाळी. दर वेळी तापताना ती बरीचशी आपोआप साफ होते. घात करतं ते तिच्याखाली साठलेलं, न दिसणारं तेल.

म्हणून गॅसच्या ग्रिलची सुरुवात तळापासून करा. बर्नरखाली एक उतरता ट्रे असतो आणि त्याच्या टोकाला चरबी गोळा करणारी छोटी वाटी. दोन्ही ओढून बाहेर काढा. ट्रे तुडुंब असताना ग्रिल जोरात तापवलं तर ते तेल पेट घेतं आणि आग गॅसच्या रबरी नळीच्या दिशेने पसरू शकते. ओशट थर उलथण्याने खरवडून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलात तर थंड झाल्यावर तो पाइपात गोठेल आणि प्लंबरला बोलवावं लागेल.

आता ट्रे परत बसवा, झाकण उघडं ठेवून सगळे बर्नर पेटवा आणि पूर्ण मोठे करा, मग झाकण लावून पंधरा मिनिटं थांबा. आत साधारण 260 ते 300 अंश सेल्सियस तापमान होतं. मॅरिनेडमधली साखर, दही, मांसाचा रस हे सगळं त्या उष्णतेत कोरडं पडून कोळशासारखं ठिसूळ होतं. ओला चिकटा कितीही घासला तरी नुसता पसरतो. जळून कोरडा झालेला थोड्या खरवडण्यानेही सुटतो. मग बर्नर बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि जाळी कोमट होऊ द्या.

घासायचं कशाने, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. तारेच्या ब्रशची एखादी तार तुटून जाळीला चिकटते, तिथून खाण्यात आणि खाण्यातून घशात जाते. 2002 ते 2014 या काळात अमेरिकेत अशा तारांमुळे 1,600 हून जास्त लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं लागल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. काहींच्या आतड्यातून तार शस्त्रक्रियेने काढावी लागली. तेव्हा तारेचा ब्रश नकोच. लाकडी खरवडणी घ्या. वापरता वापरता तिच्या कडेला जाळीच्या सळयांच्या मापाच्या खाचा पडतात. नाहीतर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा करून चिमट्यात धरा. जाळी कोमट होण्याआधीच काट्याला टोचलेला अर्धा कांदा तिच्यावर फिरवला तरी चालतं. त्याच्या रसाची वाफ चिकटा सैल करते. शेवटी ओल्या फडक्याने पुसायला मात्र विसरू नका.

बिडाच्या जाळीवरचा काळा, गुळगुळीत, हाताला न लागणारा थर काढू नका. बिडाच्या तव्यावर जो थर आपण वर्षानुवर्षं जपतो तोच हा, तापून घट्ट झालेला तेलाचा लेप. त्यावर पुन्हा तेलाचं हलकं बोट फिरवा, म्हणजे गंज धरणार नाही. (शाकाहारी पाहुण्यांसाठी हीच जाळी चालेल का, यावर घरोघरी चर्चा होते. तापवून घासलेली जाळी स्वच्छ असते. पण प्रश्न स्वच्छतेचा नसतो. वेगळी जाळी विकत आणावी, वादापेक्षा ती स्वस्त पडते.)

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबताना दिसले की लोक रंग उडतोय म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा तो रंग नसतो. धूर आणि तेल यांची साठलेली काजळी असते. प्लॅस्टिकच्या खरवडणीने ती खपल्यांसारखी गळून पडते. मग साबणाचं कोमट पाणी पुरे.

जाळी उचलली की बर्नरवर छपरासारख्या वाकवलेल्या पट्ट्या दिसतात. त्या खरवडून बाजूला ठेवा आणि बर्नर नीट बघा. त्याची भोकं साफ करताना ब्रश नळीवर आडवा फिरवा. लांबीच्या दिशेने ओढला तर काजळी पुढच्या भोकात ढकलली जाते. एखादं भोक बुजलं असेल तर बारीक तारेने मोकळं करा. बर्नरच्या मुखाशी, जिथे हवा आणि गॅस मिसळतात, तिथे ग्रिल वापरात नसताना कोळी जाळं विणतात. हवा अडते, ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि कधी आग उलटी मुखाकडे येते. लांब दांड्याचा बारीक ब्रश आत घालून ती नळी साफ करा.

बर्नर ज्यात बसतात तो खालचा डबा बऱ्याच ग्रिलमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा असतो. ओव्हन साफ करण्याच्या फवाऱ्यात कॉस्टिक सोडा असतो आणि तो अ‍ॅल्युमिनियम खातो. इथे भांड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडाच बरा. स्टेनलेस स्टीलवर लोखंडी काथ्या घासू नका, त्याचे कण मागे राहून गंजतात.

कोळशाच्या ग्रिलचं दुखणं वेगळं. शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून गोल झाकणाचं केटल ग्रिल बनवलं, ते आजही जवळपास तसंच विकलं जातं. त्याच्या तळाशी राख साठली की खालची झडप बुजते, हवा मिळत नाही आणि कोळसा नुसता धुमसतो. शिवाय राख अल्कधर्मी असते. दमट हवेतली ओल शोषून ती पत्रा खाऊ लागते, म्हणून महाराष्ट्रात पावसाळ्याआधी मुळशी-लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या ग्रिलमधून ती काढलीच पाहिजे. हाच अल्कली धर्म उपयोगीही पडतो: साध्या लाकडी कोळशाची पूर्ण निवलेली राख ओल्या काथ्यावर घेऊन लोखंडी जाळी घासली तर ओशटपणा जातो. पूर्वी चुलीच्या राखेने भांडी अशीच स्वच्छ निघत. दाबून बनवलेल्या ब्रिकेटची राख मात्र यासाठी नको.

राखेत निखारा दिवसभर जिवंत राहू शकतो. ती कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात कधीच टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, लाकडी डेकपासून दूर, दोन दिवस ठेवा.

गॅसचं ग्रिल पुन्हा जोडल्यावर रेग्युलेटरच्या जोडावर आणि नळीवर साबणाचं पाणी लावून सिलिंडर उघडा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे, लगेच बंद करा. नसतील तर झाकण उघडं ठेवूनच पेटवा. ज्योत निळी आणि सरळ हवी. पिवळीच राहिली तर त्या दिवशी स्वयंपाक घरात करा आणि बर्नरची नळी पुन्हा साफ करा.