परदेशी शिकायला निघालेल्या मुलाचा परवाना आणि पैसा

तहसील कचेरीतला रहिवासी दाखला तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. हा मनुष्य इथला आहे एवढे तो सांगतो, आणि एकदा मिळाला की पेटीत जपून ठेवायचा. परदेशी शिकायला जाणाऱ्याला जो राहण्याचा परवाना लागतो, त्याचा वाण निराळा. तू इथला नाहीस, पण अमुक तारखेपर्यंत, शिकण्यापुरता, आणि स्वतःच्या खर्चाने इथे राहू शकतोस, असे तो सांगतो. या तीन अटींपैकी शेवटची, म्हणजे पैशाची, गेवराई-धारूरकडच्या शेतकरी घराला सर्वांत जड जाते. म्हणून आज बोलायचे ते मुख्यतः तिच्याविषयीच.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे ऐकून आपल्याकडची हुशार मुले तिकडे पाहू लागली आहेत. फी नाही हे खरे. पण राहण्या-जेवण्याला वर्षभर पुरेल एवढा पैसा आधी दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरापासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. एका युरोला शंभर रुपये धरले, तर जवळजवळ बारा लाख झाले! हा पैसा एका बंद खात्यात ठेवायचा. सालगड्याला वर्षाचे धान्य एकदम न देता महिन्याच्या महिन्याला मापून द्यावे, तसे त्या खात्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात. त्याहून अधिक मागून मिळत नाही.

त्याआधी आपली प्रमाणपत्रे तपासून घ्यावी लागतात. ही तपासणी दिल्लीच्या जर्मन वकिलातीचे केंद्र करते, आणि नोव्हेंबर २०२२ पासून ती भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीची आहे. मग व्हिसा. पण व्हिसा म्हणजे परवाना नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. व्हिसा दारातून आत सोडतो. आत गेल्यावर, खोली मिळाली की दोन आठवड्यांत नगर कचेरीत पत्ता नोंदवायचा, आरोग्याचा विमा दाखवायचा, आणि व्हिसाची मुदत सरायच्या आत परदेशी लोकांच्या कचेरीतून राहण्याचा परवाना काढायचा. पुढे मुदत वाढवतानाही तोच प्रश्न पुन्हा येतो : पैसा कुठे आहे?

"तिकडे गेल्यावर काम करीन आणि भागवीन," असे मुलगा म्हणतो. काम करता येते, नाही असे नाही. मार्च २०२४ पासून जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस कामाची मुभा आहे. परंतु पुढे मिळणारी मजुरी ही आज दाखवायच्या पैशात धरली जात नाही. उभ्या पिकावर कर्ज मिळेल, न पेरलेल्यावर कोण देतो?

इथेच दलाल पुढे सरसावतो. चार दिवस खात्यात पैसे भरून देतो, म्हणतो. इंग्लंडच्या नियमात ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. दलाल मात्र त्याच गावात राहतो.

मग पैसा आणायचा कुठून? अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठी निराळी योजना आहे, आणि मराठा समाजाच्या मुलामुलींसाठी सारथीची, सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे. जागा मोजक्याच असतात. गुणांच्या आणि उत्पन्नाच्या अटी बदलत राहतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीची जाहिरात वाचावी. तहसीलचा तो पेटीतला दाखला इथे पुन्हा कामी येतो.

बँकेचे कर्ज हा दुसरा मार्ग. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण लागत नाही, त्यावर लागते. शेतकरी सातबारा घेऊन जातो, आणि व्यवस्थापक मान हलवतो. याचे कारण असे की, २००२ च्या ज्या कायद्याने बँकेला तारण मालमत्ता कोर्टात न जाता विकता येते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कायदा शेतकऱ्याला राखण्यासाठी आहे; पण कर्ज अडते ते त्यामुळेच. बँक घर मागते, गावठाणातला बिनशेती प्लॉट मागते. दुसऱ्या वर्षाची सोय दिसत नसताना पहिल्या वर्षासाठी जमीन विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा मध्येच संपला तर काय होते, ते थोरांच्या चरित्रातही दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पुढे लंडनला शिक्षण सुरू झाले, पण मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्ध्यावर परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचे कर्ज, एवढे जमल्यावर १९२० साली ते पुन्हा गेले. म्हणून अभ्यासक्रम किती वर्षांचा आणि शिष्यवृत्ती किती वर्षांची, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा.

रमाबाई तेव्हा मुंबईतच राहिल्या. आजही लग्न झालेल्या विद्यार्थ्यापुढे तोच पेच आहे. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना इंग्लंडने नियम आवळला. संशोधनाच्या किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्यालाच बायकामुले नेता येतात, साध्या एम.ए., एम.एस्सी. वाल्याला नाही. जर्मनीत नेता येतात, पण त्यांचा व्हिसा वेगळा, खर्चाची तजवीज वेगळी, आणि पुरेसे घर आधी दाखवायला हवे.

गुरुजी, आता एक काम तुमच्याकडे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे. पासपोर्टात नाव आणि आडनाव निराळ्या रकान्यांत. कुठे 'पांडुरंग', कुठे 'पांडूरंग'. शिवाय पहिलीत नाव घालताना सोयीसाठी लिहिलेली एक जूनची जन्मतारीख! वकिलातीतला कारकून या कागदांतली दोन माणसे एकच आहेत असे मानायला बांधलेला नाही. मूल शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरातली दुरुस्ती सोपी असते. दाखला घेऊन ते बाहेर पडले की तीच दुरुस्ती फार अवघड होते. तेव्हा दहावीचे अर्ज भरण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, जन्मदाखला आणि आधार एकत्र ठेवून एकदा वाचून घ्या.